आम्हाला मदत झाली, त्याची तक्रार

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आयर्लंडमध्ये आम्हाला कुणी लुबाडलं नाही, काही चोरीला गेलं नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. तसलं काही झालं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो, कारण त्यासाठी छापील अर्ज असतो आणि तो मी हॉलंडमधल्या आमच्या मेपलहूनच भरून नेला होता, फक्त तारीख टाकायची बाकी ठेवली होती. माझी तक्रार निराळी आहे. आम्हाला मदत झाली. न मागता झाली, नको म्हटलं तरी झाली, आणि इतकी झाली की शेवटी मी कशात आडवा होऊन कुठे पोचलो हे आमच्या गल्लीत सांगायची सोय राहिली नाही. तरी सांगतो, कारण शेजारच्या लुबर्टला अर्धं कळलंच आहे आणि उरलेलं तो स्वतः बनवतोय.

मी हार्म नायबूर. जलमंडळात चौतीस वर्षं चर आणि नाले तपासून निवृत्त झालो. एकतीस वर्षं मी आणि माझी बायको यांतीन मोटारीला कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून परदेशी जातोय, आणि या एकतीस वर्षांत मला परक्या माणसाकडे साधा पानाही मागावा लागलेला नाही. ज्याची तयारी नीट, त्याला परका माणूस लागत नाही. हे वाक्य मी लुबर्टच्या वाढदिवसाला, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेल्या चौदा जणांसमोर बोललो होतो, आणि लुबर्टनं ते नीट लक्षात ठेवलं होतं. शेजारी दुसरं करतात काय?

सल्ला द्यायलाही तोच पहिला आला. "तिकडचे बटाटे घेऊ नकोस," तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "पिठूळ असतात. उकडले की फुटतात." लुबर्ट आयर्लंडला आयुष्यात गेलेला नाही, पण बटाट्याच्या बाबतीत मी धोका पत्करत नाही. वीस किलो बटाटे घेतले. त्यासोबत कॉफी, चीज, शेंगदाण्याचं लोणी, सफरचंदाच्या पाकाच्या सहा बरण्या आणि टॉयलेट पेपरची चोवीस भेंडोळी.

"हार्म, तिथे दुकानं आहेत," यांतीन म्हणाली.

"असतील. पण त्यांत काय मिळतं ते तू पाहिलंयस का?"

 यांतीन आधीच सामान भरत होती, आणि भरताना गुणगुणत होती, जे मला अजिबात आवडत नाही.

आता आम्ही जात कशाला होतो ते सांगतो. आमची एकुलती एक मुलगी रूलीन. तिनं तीन वर्षांपूर्वी फिंटन नावाच्या आयरिश पोराशी लग्न ठरवलं आणि आम्हाला सात आठवडे आधी कळवलं. सात आठवडे. आमच्याकडे केस कापणाऱ्यालाही याहून जास्त मुदत देतात. त्या तारखेला माझ्या डायरीत शरदातली चरपाहणी लिहिलेली होती, तीही शाईनं. यांतीन एकटी लग्नाला गेली. मी बेचाळीस किलोमीटर चर तपासले आणि त्यातला एकही तुंबलेला निघाला नाही.

तेव्हापासून रूलीन माझ्याशी बोलत नव्हती. मी फोन उचलला की तिकडून दोनच शब्द यायचे, "आईला दे." मी फोन आईला द्यायचो. मग उन्हाळ्याआधी एक कार्ड आलं: मुलगी झाली आहे, रविवारी बारा वाजता चर्चमध्ये बाप्तिस्मा आहे. कार्डाच्या तळाशी हातानं लिहिलं होतं, "आई, तुझ्या नवऱ्याला सांग, या वेळीही आला नाही तर यापुढे वाढदिवसाची कार्डं पाठवायचे कष्ट घेऊ नकोस म्हणावं." मी ते कार्ड चार वेळा वाचलं आणि डायरीत रविवारच्या पुढे काही लिहिलंय का ते बघितलं. दंतवैद्याकडे एक वेळ होती, सोमवारची. तीसुद्धा मी रद्द केली, वर आणखी काय करायचं?

तर शनिवारी दुपारी आम्ही मेयोत, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या परगण्यात होतो. रूलीनला चार वाजता पोचतो म्हणून कळवलं होतं आणि माझ्या हिशेबानं आम्ही अठरा मिनिटं मागे होतो. पेट्रोल पंपावर एक गमबूटवाला माणूस आपण होऊन जवळ आला. मी त्याला काही विचारलं नव्हतं, फक्त नकाशा बघत होतो. त्या देशात नकाशा उघडणं म्हणजे चार माणसं जमवणं, हे मला नंतर कळलं.

"समुद्राकडे निघालात? मग एवढा मोठा फेरा कशाला?" तो म्हणाला. "दुकानामागच्या गल्लीनं जा. अर्धा तास वाचेल."

एकतीस वर्षांत मी ठरवलेला रस्ता कधी सोडला नव्हता. पण अठरा मिनिटं डोक्यात ठणकत होती. आमची कॅरॅव्हॅन पंपाच्या पलीकडे उभी होती, ती त्या भल्या माणसाला दिसली नव्हती आणि त्यानं विचारलंही नाही. भली माणसं चौकशी करत नाहीत, हाच त्यांच्यात मोठा दोष.

ती गल्ली दीड किलोमीटर चांगली होती. मग दोन्ही बाजूंना गडगे आले, म्हणजे चुना-माती न लावता नुसते दगडांवर दगड रचलेले बांध. ते हळूहळू जवळ येत गेले. एका वळणावर कॅरॅव्हॅन दोन्हीकडून घासली आणि थांबली. पुढे जाईना, मागे येईना. मी उतरून मोजलं. डावीकडे एक बोट जागा होती, उजवीकडे तीही नव्हती.

पाच मिनिटांत गडग्यापलीकडून टोपी घातलेलं एक डोकं वर आलं. साठीचा शेतकरी, हातात काठी, मागे कुत्रं. त्याचं नाव मॅलॅकी.

"अडकलात वाटतं," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

"मग काय करताय?"

"थांबलोय."

"बरं. मग मीही थांबतो जरा," असं म्हणून तो गडग्यावर हात ठेवून उभा राहिला. यांतीन मोटारीत हसत होती. मी त्याला सांगितलं की मी मेपलमधल्या एका प्रवास-मदत संस्थेचा एकतीस वर्षं सभासद आहे, मी फक्त एक फोन करणार आहे आणि मग माणसं येतील, पट्टा लावतील आणि आम्हाला रीतसर सोडवतील. त्यानं ते सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाला की फोन करायचा तर त्या टेकडीवर जावं लागेल, खाली रेंज येत नाही.

टेकडी चढायला मला वीस मिनिटं लागली. फोनवरची बाई अतिशय व्यवस्थित होती, बोलून मन प्रसन्न झालं. तिनं सभासद क्रमांक विचारला, मोटारीचा रंग विचारला, आणि म्हणाली, "वाहन सार्वजनिक रस्त्यावर आहे ना? मग तीन तासांत ट्रक पोचेल." मी आयर्लंडमध्ये पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

खाली आलो तर रस्त्यावर काहीच नव्हतं. मोटार नाही, कॅरॅव्हॅन नाही, बायको नाही. फक्त सात माणसं गडग्यापाशी उभी होती आणि त्यातला एक जण वर शेवटचा दगड नीट बसवत होता.

झालं होतं असं, की त्या भागात शेताला फाटक नसतं. जनावर आत न्यायचं असलं की गडग्याचे दगड उतरवून खिंड पाडायची, जनावर आत घालायचं आणि पुन्हा दगड रचायचे. पिढ्यान् पिढ्या त्यांचं हेच चाललंय. मी टेकडीवर सभासद क्रमांक सांगत होतो तेवढ्यात मॅलॅकीनं शिट्टी मारली, कुठून कुठून माणसं आली, त्यांनी वीस हात गडगा उतरवला, यांतीनला स्टिअरिंगवर बसवलं, मोटार-कॅरॅव्हॅन अख्खी शेतात घेतली आणि मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून मागे गडगा पुन्हा रचून टाकला. घासलेल्या जागेवर कुणीतरी ओलं फडकंही फिरवलं होतं.

"सुटली बघा तुमची गाडी," मॅलॅकी म्हणाला. सातही जण माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर आनंद दिसावा अशी त्यांची अपेक्षा असावी.

मी पुन्हा टेकडी चढलो. त्या व्यवस्थित बाईनं विचारलं, "म्हणजे आता वाहन खाजगी जमिनीत आहे?" आम्ही खोटं बोलत नाही. मी हो म्हणालो. मग तिनं सांगितलं की खाजगी जमिनीसाठी जमीनमालकाचं लेखी संमतिपत्र लागेल, त्या जमिनीचा पत्ता लागेल, आणि असा अर्ज सोमवारी सकाळी नऊनंतर घेतला जातो. मी विचारलं, शेताला कुठला पत्ता? ती म्हणाली, पत्ता नसेल तर संगणकात पुढचं पान उघडत नाही. तिचं काही चुकत नव्हतं, मी तिच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. म्हणूनच जास्त संताप आला.

परत आलो तोवर कॅरॅव्हॅन रुतायला लागली होती. चौतीस वर्षं मी जमिनीतलं पाणी बघत आलोय. त्या शेताकडे एक नजर टाकली आणि समजलो की गवताखाली वीतभरावर पाणी आहे आणि या माणसांनी उभ्या जन्मात इथे एक चर खणलेला नाही. तसं मी मॅलॅकीला तोंडावर सांगितलं. आम्ही तोंडावरच सांगतो.

"खरंय तुमचं," तो म्हणाला. "वडीलही हेच म्हणायचे." आणि ट्रॅक्टर आणायला गेला.

ट्रॅक्टरनं ओढलं तेव्हा मोटारीखालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. "ते फार महत्त्वाचं नसेल," मॅलॅकी म्हणाला. ते गिअरबॉक्स होतं. शिवाय कॅरॅव्हॅन एका कुशीवर कलली, कपाटाचं दार उघडलं आणि सफरचंदाच्या पाकाच्या सहाही बरण्या बाप्तिस्म्यासाठी आणलेल्या माझ्या सुटावर रिकाम्या झाल्या. तेवढ्यात वीस किलो बटाटे दारातून घरंगळत चिखलात आले. बटाट्याच्या दुष्काळात ज्यांचे खापरपणजे उपाशी मेले, अशी ती माणसं. मग एक म्हातारा टोपी काढून हळूच म्हणाला, "अरेरे, बटाटे बरोबर घेऊन निघालेत बिचारे."

त्या वाक्याचं पुढे काय होणार आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

मॅलॅकीची मोठी बहीण डिम्फना, विधवा, त्याच्याच घरात राहते. तिनं आम्हाला आत नेलं, चुलीपाशी बसवलं आणि टेबलावर चहा, ब्रेड, हॅम, मनुकांचा केक आणि बिस्किटांचा डबा ठेवला. मी रीतीप्रमाणे एक बिस्किट घेतलं, खाल्लं आणि आभार मानले. आमच्याकडे पाहुण्याला चहाकॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डब्याचं झाकण लावतात. त्यात काही वाईट नाही. दोन्ही पक्षांना आपण कुठे आहोत ते कळतं.

डिम्फनानं झाकण लावलं नाही. "घ्या की हो," ती म्हणाली.

"नको, आभारी आहे."

"एक तरी."

"एक झालं."

"अहो, तब्येत बरी नाही का तुमची? मॅलॅकी, पाहुण्यांचा रंग बघ कसा उतरलाय." मग तिनं माझ्या ताटात आपल्या हातानं हॅमचे तीन तुकडे ठेवले. यांतीनचा तोवर केकचा चौथा तुकडा चालला होता, आणि तोंडात केक असतानाच तिनं आमच्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडली. "त्याचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली, "आमच्याकडे एकच बिस्किट असतं."

डिम्फनानं हातातली किटली खाली ठेवली. "एकच?" तिनं विचारलं. "दोघांत?"

मी समजवायचा प्रयत्न केला. मला जलमंडळाचं निवृत्तिवेतन आहे, घर स्वतःचं आहे, ही नुसती पद्धत आहे. जितकं जास्त समजावलं तितके तिचे डोळे भरून आले. मग ती शेजारी काहीतरी आणायला म्हणून गेली आणि अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळलं की मॅलॅकीच्या शेतात हॉलंडचं एक जोडपं अडकलंय, त्यांच्याकडे माणशी एक बिस्किट मिळतं आणि ती बिचारी स्वतःचे बटाटे बरोबर घेऊन फिरतात.

संध्याकाळपर्यंत नऊ जण येऊन गेले. कुणी घरी भाजलेला ॲपल-पाय आणला, कुणी अंडी, एकीनं तर लोकरीचे मोजे आणले.  टेबलावर ठेवायचे, माझ्या खांद्याला हात लावायचे आणि जायचे. एका म्हातारीनं चिखलातले बटाटे धुऊन, पुसून, पोत्यात भरून परत आणले, एकही कमी नाही. मी मोजले नाहीत, तिनंच सांगितलं. माणसाचा अपमान किती प्रेमानं करता येतो हे बघायचं असेल तर त्या गावात जावं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तीन जणांनी ते मला तीन तऱ्हांनी सांगितलं.

यांतीन म्हणाली, "रूलीनला फोन करू. फिंटन येऊन नेईल."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "तुझा बाप वाटेत अडकला, त्याला सोडवायला ये, हे मी कळवणार नाही. तिला तेवढंच हवंय."

"तिला काय हवंय ते तुला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. मी तिसऱ्यांदा टेकडी चढलो आणि यांतीनच्या फोनवरून निरोप पाठवला: थोडा उशीर होतोय, उद्या थेट चर्चमध्ये येतो. उत्तर आलं, "बघू." त्या एका शब्दावर मी टेकडीवर उभा होतो, वारा झोंबत होता, आणि खरं सांगायचं तर मला धडकी भरली होती. नव्वद किलोमीटर पलीकडे माझी नात होती आणि माझ्याकडे पोतंभर धुतलेले बटाटे होते.

मॅलॅकी म्हणाला, काळजी करू नका, सकाळी कुणीही सोडेल. सकाळी उठून बघतो तर गावात कुणीही नव्हतं. डब्लिनला मेयोच्या संघाचा फुटबॉलचा सामना होता, झाडून सगळ्या गाड्या पहाटेच हिरवे-लाल झेंडे लावून गेल्या होत्या. टॅक्सीवाला गेला होता, दूधवाला गेला होता, फादरही पहिली प्रार्थना घाईघाईनं उरकून गेले होते. डिम्फना कपाटातून एक काळा सूट काढून घेऊन आली. तिच्या दिवंगत नवऱ्याचा होता, दोनदाच घातलेला. मी नको म्हणालो. तिनं माझ्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, "अगदी मापाचा बसतोय. त्यांना आवडलं असतं." आता यावर माणसानं काय बोलावं? घातला.

मग दारात फर्गल टार्पी आला. गावात पब त्याचाच आणि अंत्यविधीचं कामही त्याच्याचकडे. "माझी गाडी आहे रिकामी," तो म्हणाला. "आज कुणी गेलेलं नाही."

गाडी म्हणजे शववाहिनी. लांब, काळी, चकचकीत, तिन्ही बाजूंनी काचा. पुढे दोनच सीट. यांतीनला गुडघ्यांचा त्रास, म्हणून ती पुढे. मागे शवपेटीची जागा होती, तिच्यात पेटी सहज सरकावी म्हणून लाकडी रूळ बसवलेले. बसायला वर उंची नव्हती.

"जिवंत माणसाला मागे आडवा घालून नेणं कायद्यात बसत नाही," मी म्हणालो.

"हालला नाहीत तर बसतं," फर्गल म्हणाला.

सामन्याला जायचं मॅलॅकीचंच तेवढं राहिलं होतं, तोही आता शेजारच्या गावाहून न्यायला आलेल्या चुलतभावाच्या मोटारीतून डब्लिनला निघायच्या बेतात होता. मला रुळांवर आडवं करताना तो कानाशी म्हणाला, "फर्गलनं त्याचं तिकीट मला दिलंय बरं का. बावीस वर्षांत एक सामना चुकवला नव्हता गड्यानं. तो तुम्हाला सांगायचा नाही, म्हणून मी सांगतोय."

हे ऐकून मी इतका चिडलो की उठायला गेलो आणि डोकं छतावर आपटलं. आमच्याकडे कुणी मदत केली तर पुढच्या आठवड्यात फुलांचा गुच्छ न्यायचा, कॉफी आणि एक बिस्किट घ्यायचं, विषय संपला. बावीस वर्षांत न चुकलेल्या सामन्याला केवढा गुच्छ न्यायचा? आणि ज्याला तो न्यायचा त्याला तर मी कालपर्यंत ओळखतही नव्हतो. अशा माणसांनी जग चालत नाही, नुसतं अवघडून बसतं. हे मी फर्गलला काचेतून ऐकवलं, पण त्यानं रेडिओ लावला होता.

रस्ता वळणांचा होता. प्रत्येक डाव्या वळणाला मी रुळांवरून उजवीकडे जायचो आणि उजव्या वळणाला डावीकडे. शेवटी फर्गलनं थांबून पेटीला लावायच्या दोन खिट्ट्या माझ्या दोन्ही बगलांशी लावल्या. खेड्याखेड्यात माणसं थांबत होती, टोप्या काढत होती, बायका छातीवर क्रूस करत होत्या. एका चौकात पोलिसानं रहदारी अडवून सलाम ठोकला. त्यांच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटायला लागली, म्हणून मी डोळे मिटले आणि हात छातीवर घेतले. सोयीचं तेच होतं. पुढे यांतीन आणि फर्गल एवढे हसत होते की अधूनमधून गाडी डुलत होती. यांतीन हसून हसून रडत होती, ते मला न बघताही ऐकू येत होतं.

बाराला आठ मिनिटं कमी असताना गाडी थांबली. चर्चची घंटा ऐकली. पुढचं दार उघडलं, यांतीन उतरली.

आता हे सगळं पायरीवर उभ्या असलेल्या रूलीनला कसं दिसलं असेल ते मला नंतर कळलं. काल बाप आला नाही. रात्री उशीर होतोय असा निरोप. आणि आता चर्चसमोर एक शववाहिनी येऊन थांबते, तिच्यातून आई उतरते, डोळे लाल, गाल ओले, हातात रुमाल. मागे काचेत तिचा बाप, अंगावर कधी न पाहिलेला काळा सूट, हात छातीवर, डोळे मिटलेले.

मी पावलं ऐकली. धावत आलेली. मग काचेवर दोन्ही तळवे आपटले.

"पप्पा."

मी डोळे उघडायला हवे होते. नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं. आम्ही साधी, सरळ माणसं आहोत, असली सोंगं आमच्यात करत नाहीत. मी डोळे उघडले नाहीत.

"पप्पा, मी नुसतं रागावून लिहिलं होतं रे," ती काचेला तोंड लावून म्हणत होती. "तू यावंस म्हणून लिहिलं होतं. मी काल चार वाजल्यापासून खिडकीत होते. पप्पा."

माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरायला लागलं. सोंग मोडेल म्हणून पुसता येईना.

तेवढ्यात यांतीन वळसा घालून आली. एकोणचाळीस वर्षं ती माझ्या शेजारी झोपते, मी जागा आहे की नाही हे तिला भिंतीपलीकडूनही कळतं. "रूलीन, अगं तो ठणठणीत आहे," ती म्हणाली. "आणि हार्म, पुरे झालं. लाज वाटू दे."

फर्गलनं मागचं दार वर उचललं. मी डोळे उघडले. रूलीनचा चेहरा माझ्या पायांच्या पलीकडे होता, पांढराफटक, काजळ हनुवटीपर्यंत आलेलं.  पायऱ्यांवर पन्नासएक माणसं उभी होती आणि फिंटन बाळाला खांद्यावर घेऊन तोंड उघडं टाकून बघत होता.

"किती वेळ जागा होतास?" तिनं विचारलं.

"सगळा वेळ."

"मग उठला का नाहीस?"

 एकतीस वर्षं सगळ्याची तयारी करून निघणारा माणूस मी, आणि या एका प्रश्नाची तयारी केली नव्हती.

"पप्पा म्हणालीस," मी म्हणालो. "तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हटलं, आणखी एकदा ऐकू, मग उठू."

 ती गाडीत गुडघा टेकवून आत वाकली, दोन्ही खिट्ट्या तिनं एकेक करून काढल्या आणि माझ्या कोटाची कॉलर दोन्ही मुठींत धरली. मला वाटलं मारते आता.

"पप्पा," ती म्हणाली, "ऊठ."